पूर्णाथडी म्हशीच्या पारडाचे संगोपन : पहिले तीन महिने

अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरील गावांत जी भुरकट, पांढुरक्या अथवा फिकट तपकिरी रंगाची व आटोपशीर बांध्याची म्हैस पाळली जाते, तिला पूर्णाथडी असे म्हणतात. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या काठच्या तट्टांस जसे भीमथडी हे नाव पडले, तसेच हे नाव होय. पूर्वी तिची गणना नागपुरी म्हशीतच होत असे आणि एलिचपुरी, म्हणजे अचलपूरकडील, वऱ्हाडी, गवराणी अशी निरनिराळी नावे ह्या सर्व म्हशींस सरसकट लावली जात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३ साली पूर्णाथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या मुलखात कडबा व कुटार खाऊन दूध देणाऱ्या ह्या म्हशीस त्यामुळे तिचे स्वतःचे नाव मिळाले. तिची संख्या मात्र आपल्या गोठ्यात जगणाऱ्या वगारींवर अवलंबून आहे.

ह्या ठिकाणी थोडा हिशेब करून पाहणे इष्ट आहे. म्हैस सुमारे दहा महिने दहा दिवस गाभण राहते आणि दोन वितांत साधारणतः सव्वा वर्षाचे, पुष्कळदा त्याहूनही अधिक, अंतर पडते. वगार पहिल्यांदा वितेवेळी चार वर्षांच्या आसपास असते. एका म्हशीस जन्मभरात पाच-सहा पारडे झाली असे धरले, तर त्यांत वगारी अडीच-तीनच असावयाच्या. त्यांतील दोन दगावल्या म्हणजे आईची जागा घेण्यापुरतीच एखादी उरते. निवड करावयास काहीच उरत नाही. मग शेतकरी बाजारात जातो आणि परक्या मुलखातून आलेली, येथील ऊन व चारा न मानवणारी म्हैस कर्ज काढून आणतो. ज्या गोठ्यात पारडे जगतात त्या गोठ्यास हे कर्ज सहसा काढावे लागत नाही.

पारडू मेले म्हणजे नशिबाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः जन्मापासून तीन महिन्यांच्या आत दगावणाऱ्या पारडांची कारणे बहुतेक तीच ती असतात : चीक उशिरा किंवा अपुरा मिळणे, दुधावाटे पोटात गेलेले जंत, हगवण, ओलसर जागेत होणारा फुफ्फुसाचा दाह आणि सरळ सरळ उपासमार. ह्यांपैकी पहिले कारण इतर सर्वांचे मूळ आहे, म्हणून त्याचा विचार येथे विस्ताराने केला आहे.

विण्यापूर्वीची तयारी

म्हैस विण्याच्या दोन महिने आधी आटवावी व तिला नेहमीच्या वैरणीखेरीज रोज दीड ते दोन किलो खुराक आणि खनिज मिश्रण चालू ठेवावे. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ ह्याच काळात होते व चीकही ह्याच काळातील खाण्यावर तयार होतो. विण्याची जागा कोरडी, झाडलेली व इतर जनावरांपासून थोडी बाजूस असावी.

पहिला तास

पारडू बाहेर पडताच त्याच्या नाकातोंडातील चिकटा स्वच्छ फडक्याने काढून टाकावा. श्वास चालू होत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत हळूच फिरवावी व छाती दोन्ही बाजूंनी कोरड्या पोत्याने चोळावी. त्यानंतर ते आईपुढे ठेवावे. आईच्या चाटण्याने अंग कोरडे होते, रक्त खेळू लागते आणि ओळख पटते. पहिलारू म्हैस चाटत नसेल तर पारडाच्या अंगावर थोडा गव्हाचा कोंडा व मीठ भुरभुरावे. हा जुना उपाय उपयुक्त आहे.

नाळ आपोआप तुटली नसल्यास पोटापासून सुमारे दोन इंच अंतरावर उकळून घेतलेल्या दोऱ्याने बांधावी व गाठीच्या खाली नव्या पात्याने कापावी. कापलेले टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवून काढावे आणि बेंबी सुकेपर्यंत तीन-चार दिवस हेच सकाळ-सायंकाळ करावे. बेंबीवर शेण किंवा चुलीतील राख लावण्याचा प्रघात अनेक घरी आहे, तो ताबडतोब बंद झाला पाहिजे. ओली बेंबी म्हणजे शरीरात शिरण्याचे उघडे दार होय. त्या वाटेने धनुर्वाताचे जंतू जातात. पू करणारे जंतू रक्तात मिसळून सांध्यांत उतरतात. पंधरा दिवसांच्या पारडाचे गुडघे सुजून ते लंगडू लागले म्हणजे लोक मार लागल्याचे समजतात, परंतु रोगाची सुरुवात बेंबीपाशी झालेली असते.

चीक : केव्हा, किती व कसा

मनुष्याच्या बाळास आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यांचा मोठा वाटा गर्भातच मिळतो. गाय, म्हैस, शेळी आणि घोडी ह्यांच्या जारेची रचना निराळी असल्याने ही द्रव्ये गर्भात पोचत नाहीत. म्हणून पारडू असो की शिंगरू असो, ते जन्मास येते तेव्हा रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र असते. निसर्गाने त्याची ही शिदोरी कासेत, पहिल्या चिकात ठेवली आहे.

परंतु ह्या शिदोरीस मुदत आहे. नवजात पारडाच्या आतड्याच्या आतील अस्तरातून ही प्रतिकारक द्रव्ये न पचता, अखंड रक्तात जाऊ शकतात. जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत ही शक्ती सर्वांत अधिक असते. सहा तासांनंतर ती झपाट्याने उतरते आणि सुमारे चोवीस तासांत संपते. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून उपयोगी पडतो, आतड्याच्या आतील बाजूस थोडेबहुत संरक्षणही देतो, पण रक्तात काही पोचत नाही. सकाळी जन्मलेल्या पारडास दुसऱ्या दिवशी सकाळी कितीही चीक पाजला तरी गेलेली वेळ भरून निघत नाही.

आता आपल्याकडील रूढीकडे पाहू. जार पडल्यावाचून पारडास कासेला लावावयाचे नाही, असा नियम वऱ्हाडातील पुष्कळ घरांतून पाळला जातो. म्हशीची जार पडण्यास सहा ते आठ तास, कित्येकदा बारा तासही लागतात. रात्री व्यालेल्या म्हशीचे पारडू त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहते आणि सर्वांत मोलाचे तास दाव्याला बांधलेल्या स्थितीत निघून जातात. आधी पाजले तर जार आत अडकते, अशी ह्यामागील समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पारडाने सड ओढताच म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात येतो. तो कासेतील दूध खाली उतरवितो, ज्यास आपण पान्हा म्हणतो, आणि तोच स्राव गर्भाशय आकुंचन पाववितो. गर्भाशय आकसल्याने जार सुटण्यास मदतच होते. तेव्हा लवकर पाजणे हे पारडाच्या हिताचे आहे तसेच म्हशीच्याही हिताचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलून हे समजावून द्यावे; विण्याच्या वेळी गोठ्यातील निर्णय बहुधा त्याच घेत असतात.

चिकाने पारडास ढाळ लागते, ही दुसरी भीती होय. जन्मतः पारडाच्या आतड्यात काळपट, चिकट मळ साठलेला असतो आणि चीक थोडा सारक असल्याने तो बाहेर पडतो. पहिल्या दोन दिवसांत दिसणारी पिवळसर मऊ विष्ठा हा रोग नव्हे. मळ पडत नाही व पारडू कण्हते, पाय झाडते, असे दिसले तर मात्र चीक पोटात गेला नाही असे समजावे.

प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या एकदशांश चीक पोटात जावयास पाहिजे. पारडू २८ किलोचे असेल तर २ लिटर ८०० मिलिलिटर. त्यांपैकी निम्मा, म्हणजे सव्वा ते दीड लिटर, पहिल्या तासातच द्यावा आणि उरलेला पुढील आठ ते बारा तासांत. वजन करण्यास वेगळे साधन नको. धान्य मोजण्याच्या काट्यावर एक मनुष्य पारडास उचलून उभा राहिला व मग त्या मनुष्याचे वजन वजा केले म्हणजे काम झाले.

पाजण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन पुसावी आणि प्रत्येक सडातून दोन-तीन धारा जमिनीवर न टाकता वाटीत काढून पाहाव्या. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते, ती निघून जाते, आणि चीक फुटका वा रक्ताळलेला आहे की काय हेही कळते. म्हशीचे सड जाड व घट्ट असतात. अशक्त पारडू तोंडात सड धरते, चार वेळा ओढते व थकून सोडून देते. दुरून पाहणाऱ्यास मात्र ते प्याले असे वाटते. म्हणून त्याच्याजवळ बसून पाहावे. तोंडाला फेस आला, शेपटी हालू लागली व कुशी भरल्या म्हणजे ते खरोखर प्याले. दोन तासांत ते स्वतः उभे राहून पीत नसेल तर चीक पिळून, अंगाइतका कोमट असताना, रबरी बुचाच्या बाटलीने पाजावा. काढा पाजण्याच्या बांबूच्या नळीने, मान वर ताणून, घशात ओतू नये. अशा वेळी चीक श्वासनळीत जाऊन फुफ्फुसाचा दाह होतो आणि चांगल्या हेतूने केलेले काम प्राणावर बेतते.

आई मेली किंवा कासच सुजली असेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या म्हशीचा, आणि तोही न मिळाल्यास गाईचा, चीक चालतो. गावात कोणाच्या घरी शीतपेटी असेल तर जादा चीक स्वच्छ बाटल्यांत गोठवून ठेवता येतो. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावी. चुलीवर उकळू नये, कारण उकळल्याने प्रतिकारक द्रव्ये नाश पावतात आणि केवळ खरवस हाती राहतो.

खरवसाचा प्रश्न नाजूक आहे. शेजारीपाजारी, सोयऱ्यांकडे खरवस पाठविणे ही रीत चांगली आहे व ती मोडा असे कोणी सांगणार नाही. म्हशीस पहिल्या दोन-तीन दिवसांत पारडाच्या गरजेहून अधिक चीक येतो. पहिल्या धारेचा चीक पारडाचा आणि नंतरचा घराचा, एवढा क्रम पाळला तर दोघांचेही भागते.

दूध किती सोडावे

चौथ्या-पाचव्या दिवसापासून म्हशीचे दूध नेहमीसारखे होते व येथून पारडाच्या उपासमारीस प्रारंभ होतो. पान्हा फुटेपर्यंत पारडास कासेला लावावयाचे, लगेच ओढून बाजूस बांधावयाचे आणि धार काढून झाल्यावर रिकामी कास चोखावयास सोडावयाचे, ही आपली नित्याची पद्धत आहे. शेवटच्या चोखण्यात किती दूध मिळते, ते कोणी मोजलेले नसते.

पहिल्या महिन्यात रोज सुमारे तीन लिटर, दुसऱ्यात अडीच लिटर आणि तिसऱ्यात, खुराक खाऊ लागल्यावर, दीड लिटर दूध मिळाले तर पारडू रोज ३०० ते ४०० ग्रॅम वाढते. मापे घेत बसण्यापेक्षा सडांचा हिशेब सोयीचा आहे. म्हशीच्या मागील दोन सडांत पुढील दोहोंपेक्षा अधिक दूध असते, सुमारे दहात सहा वाटे. सहा लिटरच्या म्हशीचा मागचा एक सड म्हणजे सुमारे एक लिटर ८०० मिलिलिटर आणि पुढचा एक म्हणजे एक लिटर २०० मिलिलिटर. पहिल्या महिन्यात पुढचा एक व मागचा एक असे दोन सड पारडासाठी राखून ठेवावे. दुसऱ्या महिन्यात मागचा एक आणि अखेरचे चोखणे, तिसऱ्यात पुढचा एक व अखेरचे चोखणे, ह्याप्रमाणे कमी करीत जावे. म्हैस कमी दुधाची असेल तर सडांची संख्या वाढवावी लागेल, हे उघड आहे.

तीन महिन्यांचे हे दूध दोनशे लिटरच्या थोडे वर जाते. एका वितात हजार लिटरच्या आसपास दूध देणाऱ्या म्हशीच्या दुधाचा हा पाचवा हिस्सा होय. हा भाग जड वाटतो, ह्यात शंका नाही. डेअरीचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो आणि वगारीचा चार वर्षांनी. तथापि पारडू मेले तर म्हैस पान्हा चोरते, दूध घटते, आणि मग मेलेल्या पारडाच्या कातड्यात गवत भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची किंवा पान्ह्यासाठी सुई टोचण्याची पाळी येते. ऑक्सिटोसिनची सुई अशा रीतीने दररोज वापरणे कायद्याविरुद्ध आहे आणि म्हशीच्या आरोग्यासही बाधक आहे. तेव्हा नर पारडासही पहिले तीन महिने पोटभर दूध देण्यात तोटा नाही. हेल्याची उपेक्षा करणाऱ्या घरी म्हशीचे वितही बहुधा लवकर आटते.

जंत : दहाव्या दिवसाचे औषध

म्हशीच्या पारडांत आढळणारा मोठा गोल जंत हा ह्या वयातील सर्वांत घातक शत्रू आहे. त्याची रीत विलक्षण आहे. ह्या जंताची अळी मोठ्या म्हशीच्या शरीरात, मांसात व इतर अवयवांत, महिनोन्महिने निपचित पडून असते. म्हशीस काही त्रास होत नाही व तिच्या शेणात अंडीही दिसत नाहीत. म्हैस विण्याच्या सुमारास ह्या अळ्या जाग्या होऊन कासेकडे सरकतात आणि चीक व दुधावाटे पारडाच्या पोटात उतरतात. म्हणजे ज्या दुधावर पारडू जगावयाचे त्याच दुधातून हा जंत येतो. ह्यावर कोणी असे म्हणेल की मग चीक पाजूच नये. तो मार्ग मात्र नाशाचा आहे. चीक पाजावाच व जंतांस औषधाने मारावे.

तीन आठवड्यांच्या सुमारास हे जंत पूर्ण वाढतात व हाताच्या वितीपेक्षाही लांब होऊ शकतात. पारडाचे पोट मोठे व पाठ बारीक दिसते, केस राठ होतात, मातकट पांढुरक्या रंगाची दुर्गंधी हगवण लागते आणि श्वासाला आंबूस वास येतो. जंतांचे वेटोळे आतड्यात अडकून पारडू एका रात्रीत मेल्याची उदाहरणे घडतात. पारडू माती चाटू लागले म्हणजे लोक त्याला मुस्के बांधतात. मुस्क्याने माती थांबते, पण माती चाटावयास लावणारी पोटातील व्यथा तशीच राहते.

उपाय स्वस्त व सोपा आहे. जन्मानंतर दहाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यान जंतनाशक औषधाची पहिली मात्रा द्यावी. पायपरेझीन हे औषध लहान पारडांसाठी दीर्घकाळ वापरात असून निर्धोक आहे. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. ह्या वेळेस दिलेल्या औषधाने जंत अंडी घालण्यापूर्वीच मरतात, म्हणून ही वेळ साधणे महत्त्वाचे आहे. पारडू आजारी दिसल्यावर औषध शोधणे म्हणजे उशीर होय, कारण तोवर लाखो अंडी गोठ्याच्या मातीत मिसळून गेलेली असतात व ती तेथे कित्येक वर्षे जिवंत राहतात. तीच अंडी चाऱ्याबरोबर वगारींच्या पोटात जातात आणि त्या माता झाल्यावर पुढच्या पिढीस देतात. पहिल्या मात्रेनंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा औषध द्यावे. पशुसखी व पशुधन पर्यवेक्षकांनी गावात म्हैस व्याल्याचे कळताच त्या तारखेपुढे दहा दिवस मोजून वहीत नोंद करावी. औषध देण्याचे स्मरण करून देणे हेच अर्धे काम आहे.

हगवण आणि खारे पाणी

हगवण लागलेले पारडू बहुधा जंतूंपेक्षा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरते. डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली असता घडी तशीच राहते, तोंड व कान गार लागतात. अशा पारडाचे दूध एकदम तोडू नये. दुधाच्या दोन वेळांच्या मधे, उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजीत राहावे.

ह्या ठिकाणी पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या बाजूचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि तेथील विहिरींचे व विंधनविहिरींचे पाणी मुळातच खारट असते. अशा पाण्यात पुन्हा मीठ घातले तर ते औषध न राहता अपाय करते. क्षार प्रमाणाबाहेर वाढून पारडास झटके येऊ शकतात. मिश्रणासाठी घरात पिण्यास वापरले जाणारे नळाचे गोडे पाणीच घ्यावे. दोन आठवड्यांनंतर पारडापुढे रोज ठेवावयाचे पाणीही तेच असावे. मोठी म्हैस थोडे खारे पाणी सोसते, पारडू सोसत नाही.

हगवणीत रक्त दिसल्यास, ताप असल्यास किंवा पारडू उठेनासे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा अथवा १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

जागा

आपल्या बहुतेक म्हशी पावसाळ्यात व हिवाळ्याच्या तोंडी वितात. काळ्या जमिनीवरील गोठा त्या वेळी ओलसर असतो आणि पारडास तर दाराजवळचा, पागोळ्यांचा कोपरा दिलेला असतो. त्याऐवजी मुरूम घालून वीतभर उंच केलेली कोरडी जागा द्यावी आणि तीवर सोयाबीनचे कुटार किंवा गव्हाचा भुसा अंथरावा. ओला झालेला थर रोज काढून टाकावा. वाऱ्याच्या बाजूस गोणपाट लावावे, पण गोठा सर्व बाजूंनी कोंडू नये, कारण मुताच्या वाफेने खोकला वाढतो. चिखलदऱ्याच्या बाजूस, जेथे पाऊस व थंडी अधिक असते, तेथील गवळ्यांनी रात्री पारडाच्या अंगावर पोते बांधावे. गोचिडी व उवा दिसल्यास मोठ्या जनावरांचे औषध त्याच तीव्रतेने पारडास लावू नये.

खुराक : सरकी ढेप नको

जन्मतः पारडाच्या पोटाचे चार कप्पे असले तरी दूध पचविणारा शेवटचा कप्पाच कामाचा असतो. चारा पचविणारा पहिला कप्पा वाढण्यास दाणा व कोवळी वैरण पोटात जावी लागते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा बोटाने तोंडात चाटवावा व लुसलुशीत वाळलेले गवत, लसूणघास किंवा बरसीमच्या दोन-चार काड्या पुढे टांगाव्या. भरड्यासाठी ज्वारी किंवा मका ५० भाग, सोयाबीन अथवा भुईमुगाची ढेप ३० भाग, गव्हाचा कोंडा वा तुरीची चुनी १७ भाग, खनिज मिश्रण २ भाग व मीठ १ भाग हे प्रमाण चांगले. खारे पाणी पिणाऱ्या गोठ्यात मीठ वगळावे. ढेप बुरशी आलेली नसावी. दोन महिन्यांच्या अखेरीस पारडू रोज पाव किलो व तीन महिन्यांच्या अखेरीस अर्धा किलो भरडा खाऊ लागले पाहिजे.

वऱ्हाड कापसाचा प्रांत असल्याने सरकी ढेप घरोघरी असते आणि म्हशीच्या टोपल्यातील मूठभर ढेप पारडापुढे टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या पहिल्या कप्प्यात ते बरेचसे निष्प्रभ होते, पण पारडाचा हा कप्पा तयार झालेला नसल्याने विष सरळ रक्तात जाऊन हृदय व यकृत ह्यांस इजा करते. तीन महिने पुरे होईपर्यंत, व शक्य तर त्यापुढेही काही काळ, सरकी ढेप पारडास देऊ नये.

वाढीचे माप व लसी

पारडू वाढते आहे की नाही हे नजरेवर ठरवू नये, कारण जंताने फुगलेले पोटही भरलेले दिसते. शिंप्याच्या फितीने पुढील पायांमागील छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेरास घेराने गुणावे, आलेल्या संख्येस लांबीने गुणावे व ३०० ने भागावे, म्हणजे वजन पौंडांत मिळते, त्यास २.२ ने भागले की किलो होतात. घेर ३२ इंच व लांबी २७ इंच असल्यास वजन ९२ पौंड, म्हणजे सुमारे ४२ किलो भरते. जन्मतः २८ किलो असलेले पारडू चाळीस दिवसांत इतके झाले असेल तर काम ठीक चालले आहे. तीस किलोंवरच रेंगाळत असेल, तर प्रथम दूध मोजावे आणि नंतर शेण तपासून घ्यावे.

चौथा महिना लागताच लसींची नोंद करावी. लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर महिन्याने व पुढे दर सहा महिन्यांनी टोचतात. वगारीस चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान संसर्गजन्य गर्भपाताची लस एकदाच दिली जाते. ह्या दोन्ही लसी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली विनामूल्य मिळतात व त्याच वेळी कानास बारा अंकी बिल्ला लावला जातो. नर पारडास गर्भपाताची लस द्यावयाची नसते. घटसर्प व फऱ्या ह्यांच्या लसी सहा महिन्यांपासून, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, टोचून घ्याव्या. घटसर्प गाईंपेक्षा म्हशींत अधिक जोराने येतो, म्हणून नदीकाठच्या गावांनी मे महिन्यातच दवाखान्याकडे मागणी नोंदवून ठेवावी.